हजेरीच्या आड लपलेले नैराश्य: एका विद्यार्थ्याचे प्रकरण

दुसऱ्या वर्षात शिकणारा १९ वर्षांचा एक विद्यार्थी समुपदेशन कक्षात आला, तो नैराश्याची किंवा चिंतेची तक्रार घेऊन नव्हे. त्याच्या हातात हजेरी कमी पडल्याची सूचना होती, आणि "तुमच्या सहीचं पत्र मिळालं तर परीक्षेला बसू देतील" एवढेच त्याचे मागणे होते. विभागातून आलेल्या टिपणात "हुशार, पण निष्काळजी" असा शेरा होता. हे प्रकरण कोणा एकाचे नाही. समुपदेशनात पुन्हा पुन्हा समोर येणारे अनुभव एकत्र बांधून ते लिहिले आहे, जेणेकरून कोणाची ओळख उघड होऊ नये. मात्र त्यातील चुका, विशेषतः समुपदेशक म्हणून माझ्या बाजूच्या चुका, मी जशा घडतात तशाच ठेवल्या आहेत, कारण अशा प्रकरणातून शिकण्यासारखे बरेचसे तिथेच असते.

पार्श्वभूमी

शाळेत असताना या मुलाला अभ्यास कधी जड गेला नव्हता. वर्गात एकदा ऐकले की त्याला समजायचे, आणि परीक्षेच्या आधी दोन दिवस वाचले की गुण मिळायचे. त्यामुळे न समजणाऱ्या गोष्टीपाशी चिकाटीने बसायचे कसे, मदत मागायची कशी, या गोष्टी शिकण्याची वेळच त्याच्यावर आली नव्हती. पहिले वर्ष त्याच बळावर निघाले. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला एका अंतर्गत परीक्षेत प्रश्नपत्रिका हातात येताच डोके रिकामे झाले, आणि पुढच्याच आठवड्यात तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही आवाज थरथरल्यामुळे त्याने "येत नाही" असे सांगून टाकले. त्या दिवसापासून त्या विषयाच्या तासाला जाताना पोटात गोळा येऊ लागला.

पुढचा क्रम वेगळा सांगायची गरज नाही. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांना तो पाठ असतो. एक तास बुडाला, म्हणून पुढचा समजला नाही, म्हणून त्याच्या पुढचाही बुडाला. रात्री उद्याच्या धास्तीने झोप लागेना, पहाटे चार वाजता डोळा लागे आणि अकरा वाजता जाग येई, तोवर निम्मा दिवस हातातून गेलेला असे. खोलीत सोबत राहणाऱ्या मित्राला वाटले, हा आपल्यावर रागावला आहे. घरच्यांना वाटले, मोबाइलने वाया घालवले. स्वतः त्याला वाटत होते की आपण मुळातच आळशी आहोत आणि इतकी वर्षे ते लपले होते, एवढेच. त्याचा या स्पष्टीकरणावर इतका विश्वास होता की आजारपणाची शंका त्याला शिवलीच नव्हती.

पहिली भेट

पहिल्या भेटीत तो बोलला ते परीक्षेच्या भीतीबद्दल. छातीत धडधड, तळहाताला घाम, बोटांना मुंग्या, श्वास पुरेनासा वाटणे, आणि "आता मी कोसळणार" ही खात्री. वर्णन पॅनिक अटॅकचे होते आणि मी त्याच धाग्याने गेले. भीतीच्या क्षणी श्वास जलद झाला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळेच मुंग्या येतात व गरगरते. अटॅक काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरतोच. तो भयंकर वाटतो, पण त्या लक्षणांनी माणूस मरत नाही किंवा वेडा होत नाही, हे मी त्याला समजावले. सावकाश श्वास सोडण्याचा सराव करून घेतला आणि पुढच्या आठवड्याची वेळ दिली.

पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा आधीपेक्षा अधिक खचलेला होता. श्वसनाचा सराव त्याने मनापासून केला होता, आणि नेमका तिथेच घोटाळा झाला होता. खोलीतून निघण्यापूर्वी तो डोळे मिटून बसायचा आणि मन पूर्ण शांत झाले की निघायचे असे ठरवायचा. मन पूर्ण शांत कधी होतच नव्हते, म्हणून तो निघतच नव्हता. सात दिवसांत तो एकदाच वर्गापर्यंत पोहोचला. तास सुरू होऊन चार मिनिटे झाली होती, दार लोटलेले होते, आतून शिक्षकांचा आवाज येत होता. त्याने कडीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि परत फिरला. "मॅडम, श्वास घेतला होता मी," तो म्हणाला, "तरी नाही जमलं. म्हणजे दोष माझ्यातच आहे."

मी दिलेला उपाय टाळण्याचे नवे साधन बनला होता. त्याहून गंभीर चूक वेगळी होती. भीतीची लक्षणे इतकी ठळक होती की त्यांच्यामागे काय आहे हे मी विचारलेच नव्हते. आवडीच्या गोष्टी आवडतात का, भूक कशी आहे, स्वतःबद्दल काय वाटते, जगावेसे वाटते का, यांपैकी एकही प्रश्न पहिल्या भेटीत मी विचारला नव्हता. चिंता बोलकी असते, नैराश्य गप्प बसते, आणि घाईत असलेला ऐकणारा बोलणाऱ्याकडेच बघतो.

नीट विचारल्यावर

दुसऱ्या भेटीत त्याच्याकडून दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या. नैराश्यासाठी पीएचक्यू-९, जी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि चिंतेसाठी जीएडी-७, जी २००६ मध्ये आली. दोन्हींत गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. पहिलीचे गुण शून्य ते २७ आणि दुसरीचे शून्य ते २१ असतात. पीएचक्यू-९ मध्ये १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र आणि २० पासून तीव्र नैराश्याची शक्यता धरतात. त्याचे गुण अनुक्रमे १७ आणि १४ आले. प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. निदानासाठी किमान दोन आठवडे, बहुतेक दिवस, नऊपैकी किमान पाच लक्षणे असावी लागतात, आणि त्यांत उदास मन किंवा कशातही रस न उरणे यांपैकी एक असावेच लागते. त्यामुळे रोजच्या जगण्यात अडथळाही यायला हवा. त्याच्या बाबतीत हे सर्व जवळजवळ तीन महिन्यांपासून होते. नैराश्य आणि चिंता एकाच व्यक्तीत एकत्र असणे हा अपवाद नाही, ते फार वारंवार दिसते.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे त्याने "काही दिवस" या पर्यायावर खूण केली होती. अशी खूण दिसल्यावर कागद बाजूला ठेवून थेट विचारायचे असते. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो अशी भीती पालकांना, शिक्षकांना आणि कित्येक समुपदेशकांनाही वाटते, पण विचारण्याने धोका वाढतो असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. उलट अनेकांना हायसे वाटते. मी विचारले, "आत्महत्येचे विचार येतात का?" बराच वेळ तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "तसं नाही. पण झोपावं आणि उठूच नये, असं वाटतं कधीकधी." काही ठरवले आहे का, काही तयारी केली आहे का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का, हेही एकेक करून विचारले. उत्तरे नकारार्थी होती. गोपनीयतेची मर्यादाही त्याच वेळी सांगितली: इथे बोललेले इथेच राहील, मात्र तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी एकटी गप्प बसणार नाही, आणि कोणाला सांगायचे ते शक्यतो तुझ्याशी बोलूनच ठरवेन.

त्या दिवशी आम्ही एक सुरक्षा आराखडा लिहिला. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेली ही पद्धत साधी आहे: वाईट वेळ जवळ येत असल्याच्या खुणा कोणत्या, तेव्हा स्वतः काय करता येईल, कोणाच्या सोबतीत जाता येईल, कोणाला फोन करायचा, कोणत्या डॉक्टरांकडे किंवा हेल्पलाइनकडे जायचे, आणि आजूबाजूचे वातावरण सुरक्षित कसे ठेवायचे. फोनच्या जागी त्याने मोठ्या बहिणीचे नाव लिहिले. आई-वडिलांचे लिहायला तो तयार नव्हता आणि मी आग्रह केला नाही.

यासोबत त्याला डॉक्टरांकडे पाठवून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्व यांच्या तपासण्या करून घेतल्या, कारण यांतील बिघाडही थकवा आणि उदासी म्हणून समोर येऊ शकतो. अहवाल ठीक होते. दारू किंवा अन्य नशा, जागरणासाठी घेतले जाणारे कॅफीन, कुटुंबातील मानसिक आजार, आणि पूर्वी कधी अगदी कमी झोपेतही कित्येक दिवस अवाजवी उत्साह होता का, हेही विचारले. शेवटचा प्रश्न द्विध्रुवी विकाराची, म्हणजे उदासी आणि अवाजवी उत्साह यांचे टप्पे येणाऱ्या आजाराची, शक्यता पडताळण्यासाठी असतो. तो राहून गेला तर औषधाची निवड चुकू शकते.

गाठ कुठे होती

त्याच्या फोनमध्ये एका शिक्षकांना लिहायला घेतलेला ईमेल होता. "सर, मी आपल्या विषयाच्या तीन असाइनमेंट वेळेत देऊ शकलो नाही," इथपर्यंतच तो लिहिलेला होता. हा मसुदा पाच आठवडे तसाच पडून होता. तो उघडला की छातीत धडधडायचे, बंद केला की क्षणात सुटल्यासारखे वाटायचे. मग फोन पालथा ठेवायचा. पाच आठवड्यांत हे किती वेळा झाले याची त्याला मोजदाद नव्हती.

मला वाटते, या एका मसुद्यात सगळे प्रकरण सामावलेले होते. भीती वाटणाऱ्या गोष्टीपासून दूर गेले की तत्काळ सुटका मिळते, आणि ती सुटकाच टाळण्याच्या सवयीला बक्षीस ठरते, हे मानसशास्त्रज्ञ ओ. होबार्ट मॉवरर यांनी १९४७ मध्ये मांडले. टाळलेल्या गोष्टीची भीती त्यामुळे कधी तपासलीच जात नाही. दुसरीकडे पीटर लुइन्सन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की माणूस जसजसा आत आत आक्रसतो, तसतसे मन उभारी धरेल असे अनुभवही कमी होत जातात आणि उदासी वाढते. या मुलात दोन्ही चक्रे एकमेकांत अडकून फिरत होती. चिंता त्याला दारातून परत फिरवत होती आणि खोलीत परतल्यावर नैराश्य त्याला सांगत होते की तू परत फिरणाराच आहेस. हजेरीपटावरच्या गैरहजेरीच्या खुणा ही या चक्राची बाहेरून दिसणारी एकमेव बाजू होती, आणि सगळ्यांनी तीच बाजू वाचून त्याला निष्काळजी ठरवले होते.

त्यात विचारांच्या रवंथाची भर होती. तासन्‌तास पडून "मी असा का झालो" हे घोळवत राहणे त्याला प्रामाणिक आत्मपरीक्षण वाटत होते. सुसान नोलेन-होएक्सेमा यांनी हा रवंथ नैराश्य लांबवतो हे दाखवले आहे; त्यातून उत्तर निघत नाही, प्रश्नच खोल रुततो.

उपचार

उत्साह आला की कामाला लागू, हा क्रम नैराश्यात उलटा करावा लागतो. आधी छोटी कृती, मग जमले तर उत्साह. वर्तन-सक्रियता म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत बोधात्मक वर्तनोपचाराचाच (विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीचाच) एक भाग. नील जेकबसन आणि सहकाऱ्यांच्या १९९६ मधील अभ्यासात हा एकटा भागही संपूर्ण उपचारपद्धतीइतकाच परिणामकारक ठरला होता.

पहिला आठवडा त्याने फक्त नोंद ठेवली: कोणत्या तासाला काय केले आणि त्या वेळी मन शून्य ते दहापैकी किती. त्याची खात्री होती की वर्गातले तास सर्वांत वाईट असतील. नोंदीत दिसले ते वेगळेच. सर्वांत खालचे आकडे सकाळी अकरा ते दोन या वेळात होते, म्हणजे वर्ग बुडवून अंथरुणात पडलेले असताना. आणि एक दिवस मित्राने ओढून संध्याकाळी फिरायला नेले होते, तिथे सहा लिहिलेले होते. त्या सहाकडे तो बराच वेळ बघत राहिला. मी कितीही समजावले असते तरी त्या एका आकड्याने केले ते मला साधले नसते.

उठण्याची वेळ ठरवली: रात्री झोप कितीही झाली असो, साडेसातला उठायचेच. अंथरूण फक्त झोपेसाठी, आणि झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे बसायचे. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेला हा नियम निद्रानाशाच्या उपचारात आजही वापरतात. पहिले दहा दिवस त्याला दिवसभर पेंग येत होती आणि तो माझ्यावर वैतागलाही होता. तिसऱ्या आठवड्यापासून एक वाजेपर्यंत झोप लागू लागली.

वर्गाच्या दारासाठी पायऱ्या केल्या. आधी तास संपताना बाहेर उभे राहायचे, मग शेवटच्या बाकावर दहा मिनिटे बसायचे, मग पूर्ण तास. या वेळी श्वसनाची अट मी काढून टाकली आणि भीती घेऊनच आत जायला सांगितले. जाण्यापूर्वी काय होईल ते लिहायचे आणि आल्यावर काय झाले ते लिहायचे. त्याने लिहिले होते, "उशिरा गेलो तर सगळे वळून बघतील." परतल्यावर लिहिले, "दोघांनी पाहिले. त्यातला एक बॅग सरकवून जागा करत होता."

तो ईमेल आम्ही पाचव्या भेटीत पूर्ण केला. तीन वाक्ये: काय राहिले, प्रकृतीचे कारण, आणि किती मुदत हवी. पाठवताना त्याचा अंगठा थरथरत होता. शिक्षकांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले: दोन असाइनमेंट घेईन, तिसरीची मुदत संपली आहे. ज्या उत्तरासाठी पाच आठवडे जीव टांगणीला लागला होता, ते वाचायला दहा सेकंदही लागले नाहीत.

सहा महिने शिक्षण थांबवावे का, हा प्रश्नही निघाला. काहींच्या बाबतीत तेच योग्य असते, विशेषतः जिवाला धोका असेल किंवा रोजचे व्यवहारच थांबले असतील तर. इथे माझे मत विरोधात होते, कारण त्याच्यासाठी सत्र सोडणे ही सर्वांत मोठी टाळाटाळ झाली असती आणि रिकामे दिवस त्या अंथरुणातच गेले असते. एक विषय पुढे ढकलून बाकीचे चालू ठेवायचे ठरले.

चार आठवड्यांनी पीएचक्यू-९ चे गुण १७ वरून १५ वर आले होते. ही सुधारणा पुरेशी नव्हती, म्हणून मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेतला आणि त्यांनी एसएसआरआय या नैराश्यविरोधी औषधांच्या गटातील औषध सुरू केले. या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून अधिक. मळमळ, डोकेदुखी किंवा वाढलेली अस्वस्थता मात्र पहिल्या काही दिवसांतच येते. गुण येण्याआधी त्रास येतो, म्हणूनच अनेक जण दुसऱ्याच आठवड्यात गोळ्या सोडतात. २५ वर्षांखालील व्यक्तींमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येच्या विचारांकडे विशेष लक्ष ठेवावे लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हा इशारा २००४ मध्ये मुले व किशोरांसाठी दिला आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढवला. याचा अर्थ औषध घेऊ नये असा नाही. देखरेखीखाली घ्यावे असा आहे. आम्ही पहिला महिना दर आठवड्याला भेटलो. बाराव्या दिवशी मळमळीमुळे त्याला औषध बंद करायचे होते. त्याने परस्पर सोडले नाही, डॉक्टरांना फोन केला, आणि काही दिवसांत त्रास ओसरला.

घर

बहिणीला त्याने स्वतः सांगितले, आणि तिच्या सोबतीने महिन्याभराने आई-वडिलांना. वडील भेटायला आले तेव्हा पहिले वाक्य होते, "आम्ही याला काही कमी पडू दिलं नाही." त्यात राग कमी आणि भीती जास्त होती. नैराश्य हे संगोपनाच्या उणिवेचे प्रमाणपत्र नव्हे, आणि अनेक मानसिक विकार याच वयात, २५ वर्षांच्या आत सुरू होतात, हे मी सांगितले. "मनावर घेऊ नकोस" हे वाक्य प्रेमाने म्हटले तरी ऐकणाऱ्याला स्वतःचा दोष वाटते, हेही सांगितले. नंतर कळले की ते रोज रात्री फोन करतात आणि "अभ्यास झाला का" याऐवजी "झोप लागते का" असे विचारतात. बाकी फार बोलत नाहीत. मुलाला तेवढे पुरत होते.

घसरण आणि आजची स्थिती

अकराव्या आठवड्यात सत्र परीक्षा झाली. एका पेपरला पहिल्या दहा मिनिटांत तीच धडधड, तेच रिकामे डोके. या वेळी तो उठून गेला नाही. पेन खाली ठेवून लाट ओसरू दिली आणि येत होते तेवढे लिहिले. तरीही त्या विषयात तो नापास झाला आणि दोन आठवडे गुण पुन्हा १३ वर गेले. फरक असा की निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तो वेळ न ठरवता कक्षात आला आणि "मॅडम, परत तसं व्हायला लागलंय" म्हणाला. तीन महिने लपवण्याऐवजी एका दिवसात सांगितले.

सोळाव्या आठवड्यात पीएचक्यू-९ चे गुण ६ आणि जीएडी-७ चे ७ होते. पहिले सुरुवातीच्या निम्म्याहून खाली, दुसरे बरोबर निम्म्यावर, पण पूर्ण बरे झाल्याची खूण मानला जाणारा पाचच्या आतला टप्पा अजून बाकी होता. चोविसाव्या आठवड्यात तो ४ आणि ५ वर आला. बरे वाटू लागल्यावर औषध सोडण्याची इच्छा त्याने बोलून दाखवली. बरे वाटल्यानंतरही किमान सहा महिने ते चालू ठेवायचे आणि नंतर डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू कमी करायचे, हे त्याने डॉक्टरांकडून नीट समजून घेतले.

शेवटच्या भेटीत पुन्हा घसरण सुरू झाली तर ओळखायची कशी, याची नोंद त्याने स्वतःच्या अक्षरात केली. मला वाटले होते, तो झोपेपासून सुरुवात करेल. त्याने पहिल्या ओळीत लिहिले, "फोन पालथा ठेवायला लागलो तर." दुसऱ्या ओळीत, "न पाठवलेले मसुदे दोनपेक्षा जास्त झाले तर." तिसऱ्या ओळीत बहिणीचे नाव होते, आणि त्याच्या खाली, या वेळी, वडिलांचेही. राहिलेल्या विषयाची फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे, आणि त्यानंतरच्या आठवड्यात आमची भेट ठरली आहे.